सराव मैदान ते चाचणी: दहा आठवड्यांच्या कामाच्या नोंदी

२ मार्च

काम: तीन शिकाऊ चालकांना शून्यापासून चाचणीपर्यंत नेणे. नोंदीत त्यांना अ, ब आणि क म्हटलं आहे. गाडी एकच, मॅन्युअल गिअरची छोटी हॅचबॅक. शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा क्लच आणि ब्रेक बसवलेले आहेत.

गाडीची मापं घेतली, कारण मैदानावरची प्रत्येक रेष यावरूनच ठरणार: लांबी ३.७ मीटर, रुंदी १.६५ मीटर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर, पुढच्या चाकाच्या पुढे निघालेलं नाक ७५ सेंमी. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन फेरे, म्हणजे सरळ चाकापासून प्रत्येक बाजूला दीड.

नोंद ठेवण्याची पद्धत: चूक झाली की ती कुठे दिसली ते एका रकान्यात, आणि तिच्या आधीच्या तीन-चार सेकंदांत काय चाललं होतं ते शेजारच्या रकान्यात. पहिला रकाना भरणं सोपं असतं. शिकवण्याचं काम दुसऱ्या रकान्यात आहे.

४ मार्च

चुन्याने आठचा आकडा आखला. लेनची रुंदी २.५ मीटर धरली होती, गाडीच्या रुंदीपेक्षा ८५ सेंमी जास्त, म्हणून पुरेल असं वाटलं. पुरली नाही. अनुभवी हातातूनही दोनदा शंकू पडला.

गणित करून पाहिलं. वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आत कापतात. पुढचं बाहेरचं चाक ६.२ मीटर त्रिज्येवर ठेवलं तर मागचं आतलं चाक ४.३ मीटरच्या आसपास येतं. त्याच वेळी बंपरचा बाहेरचा कोपरा ६.६ मीटरपर्यंत जातो. म्हणजे १.६५ मीटर रुंदीची गाडी वळताना जवळजवळ अडीच मीटरची पट्टी व्यापते. २.५ मीटरच्या लेनमध्ये चुकायला जागाच उरत नाही.

नवी आखणी: आतली त्रिज्या ४ मीटर, बाहेरची ७, लेन ३ मीटर. दोन्ही बाजू मिळून अर्धा मीटर मोकळा. पहिल्या तीन आठवड्यांसाठी बाहेरची रेष आणखी अर्धा मीटर लांब ठेवली. शिकणाऱ्याला सुरुवातीलाच अशक्य मापाचा आकडा दिला तर तो वळण शिकत नाही, घाबरायला शिकतो.

५ मार्च

बसण्याची जागा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. पाठ टेकलेली ठेवून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंमी, एअरबॅगसाठी. डोकं टेकायच्या उशीची वरची कड डोक्याच्या माथ्याला समांतर.

क्रम महत्त्वाचा: आधी सीट, मग आरसे, मग पट्टा. आरसे आधी लावले आणि सीट नंतर सरकवली की आरशातलं चित्र बदलतं. बाजूच्या आरशात आपल्या गाडीची कड अगदी बोटभर दिसावी, क्षितिज मधोमध.

७ मार्च

आज फक्त क्लच. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही.

सपाट जमीन, हँडब्रेक ओढलेला, फर्स्ट गिअर, उजवा पाय ब्रेकवर. क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनाचा आवाज जड होऊन खाली बसतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, तिथे थांबायचं. पाय तिथेच धरून पाचपर्यंत मोजायचं आणि परत दाबायचा. असं वीस वेळा, मधे विश्रांती देत. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे बघून नाही, कानाने. रस्त्यावर काटा बघायला वेळ नसतो.

मग हँडब्रेक आणि ब्रेक सोडून तेच. या गाडीत इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना फर्स्ट गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला तर ती आपसूक ताशी ६ ते ७ किमीने चालते, चालत्या माणसापेक्षा थोडी जलद. शिकणाऱ्यांना याचा खरोखर धक्का बसतो, कारण गाडी ॲक्सिलरेटरनेच हलते अशी पक्की समजूत असते. ती समजूत पहिल्या तासात मोडली तर पुढचे अनेक गचके वाचतात.

शेवटचा सराव: १० मीटर अंतर १५ सेकंदांपेक्षा कमी वेळात पार करायचं नाही. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवटच सोडून, गाडी ताशी अडीच किमीला धरून ठेवायची. अ ला तिसऱ्या प्रयत्नात जमलं. ब ची गाडी वारंवार बंद पडली.

१० मार्च

ब ची गाडी अजून बंद पडते. पहिला रकाना: ‘क्लच झटकन सुटतो.’ हे वर्णन झालं, कारण नव्हे.

पायाकडे पाहिलं. क्लच तळाशी पोचवताना टाच जमिनीवरून उचलली जाते आणि पेडल फक्त चवड्याच्या टोकावर राहतं. वर येताना टोक घसरतं, म्हणून शेवटचा भाग पाय सोडत नाही, पेडलच पायातून निसटतं. त्याचं कारण सीट एक खाच मागे. आणि सीट मागे का, तर स्टिअरिंग छातीला फार जवळ येतं असं ब ला वाटतं, म्हणून रोज बसल्यावर नकळत मागे सरकवली जाते.

उपाय: सीट एक खाच पुढे, पाठीचा भाग दोन खाचा मागे कललेला. स्टिअरिंगचं अंतर राहिलं आणि टाच जमिनीवर आली. जाड तळव्याचे बूट बंद, पातळ सपाट तळ. त्याच दिवशी लागोपाठ बारा वेळा गाडी न बंद पडता निघाली. आठवडाभर ‘हळू सोड, हळू सोड’ म्हणत बसलो असतो तर ब च्या मनात एवढंच ठसलं असतं की आपल्याला हे जमत नाही.

१३ मार्च

क्लचचा जळका वास आला. हाफ क्लचचा सराव सलग वीस मिनिटं झाला होता. क्लचची प्लेट घसरत असताना बरीच ऊर्जा उष्णतेत जाते. गाडी थांबवून पंधरा मिनिटं थंड होऊ दिली. यापुढे हाफ क्लचचे सराव पाच-पाच मिनिटांचे, मधे मोकळी फेरी.

१८ मार्च

चढ. उतार मोजला: १० मीटरला १ मीटर चढ. माणसं धरून ११०० किलोंची गाडी इथे सुमारे ११० किलोंच्या ओढ्याने मागे खेचली जाते. ब्रेक सोडून पाय ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत एक सेकंद गेला तर गाडी ४०-५० सेंमी घरंगळते. दोन सेकंद गेले तर दीड ते दोन मीटर. मागे दुचाकी उभी असेल तर हे आकडे काय सांगतात ते वेगळं समजावावं लागत नाही.

क्रम असा घेतला:

हँडब्रेक ओढलेला, फर्स्ट गिअर. ॲक्सिलरेटर थोडा, आवाज एकसारखा गुणगुणेपर्यंत. क्लच वर आणायचा, आवाज खाली बसेल आणि गाडीचं मागचं अंग किंचित दबेल. इथे एक श्वास थांबायचं. मग हँडब्रेक सोडायचा. गाडी जागेवर उभी राहिली पाहिजे, ना पुढे ना मागे. त्यानंतरच ॲक्सिलरेटर वाढवत क्लच उरलेला सोडायचा.

तिघांचीही चूक एकच: हँडब्रेक आधी सुटतो. हात मोकळा असतो आणि पाय कामात असतो, म्हणून हात घाई करतो. उपाय म्हणून शिकणाऱ्याला मोठ्याने ‘बसला’ म्हणायला लावलं, इंजिनाचा आवाज बसला की. तो शब्द तोंडातून निघाल्याशिवाय हँडब्रेकला हात नाही. दोन दिवसांत शब्दाची गरज उरली नाही.

काही नव्या गाड्या चढावर ब्रेक एक-दोन सेकंद आपणहून धरून ठेवतात. त्या सोयीवर शिकवलं नाही. चाचणीला कुठली गाडी हाती येईल ते ठरलेलं नसेल तर पाय सोयीशिवाय तयार असावा.

२३ मार्च

आठचा आकडा, खऱ्या मापाच्या लेनमध्ये. क चा आतला शंकू प्रत्येक फेरीत पडतो आणि तोच, दुसऱ्या वर्तुळात शिरतानाचा.

क चा समज: स्टिअरिंग उशिरा फिरतं. शेजारी बसून चेहरा पाहिला तर नजर त्याच शंकूवर खिळलेली. ज्याकडे बघतो तिकडे हात जातो. शंकू चुकवायचा म्हणून त्याच्याकडे बघायचं आणि म्हणूनच त्याच्यावर जायचं.

उलटा सराव दिला. वर्तुळाच्या पाव भागापुढे, साधारण ८ ते १० मीटरवर, लेनच्या मधोमध लाल फडकं टाकलं. नजर फडक्यावर, शंकू डोळ्याच्या कडेला. फडक्यापाशी पोचायच्या आधी पुढचं फडकं शोधायचं. दोन्ही वर्तुळं जुळतात तिथे स्टिअरिंग सरळ करायचा क्षण मात्र फार लहान आहे, जेमतेम गाडीच्या लांबीइतका. तिथे हात लवकर सुरू व्हावेत म्हणून मान आधी वळवायची. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे हात येतात.

वेग ताशी ५ किमी. वेग वाढवून आठ ‘एका दमात’ काढायची हौस अ ला आहे. ती रोखली. जलद काढलेला आठ नशिबावर निघतो, आणि परीक्षकाला ते दिसतं.

२९ मार्च आणि ३० मार्च

रिव्हर्स. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि जायलाच हवा.

पहिलं वाक्य, तिघांच्याही वहीत: गाडीचं मागचं अंग जिकडे न्यायचं, स्टिअरिंग तिकडेच. गोंधळ होतो तो शिकणारा बॉनेटकडे बघत असतो म्हणून. बॉनेट उलट्या बाजूला झुलतं आणि डोळ्यांना तेच दिसतं. बॉनेट न बघता मागच्या काचेतून आणि आरशांतून बघायला लावलं की गोंधळ बराच ओसरतो.

दुसरं: चाकं सरळ आहेत का ते कळत नाही. दोन-तीन वेळा स्टिअरिंग फिरवल्यावर शिकणारा मधली जागा हरवतो. फेरे मोजायची सवय लावली, दीड फेरा गेला की दीड फेरा परत. खात्रीसाठी गाडी हातभर पुढे घ्यायची, सरळ गेली तर चाकं सरळ.

दोन उभ्या गाड्यांमध्ये कडेला समांतर लावणं. जागा गाडीच्या दीडपट, म्हणजे ५.६ मीटर, शंकूंनी आखली. पुढच्या ‘गाडी’पासून बाजूचं अंतर ७५ सेंमी ते १ मीटर, मागचे बंपर एका ओळीत. तिथून मुंगीच्या चालीने मागे, कडेच्या बाजूला पूर्ण स्टिअरिंग. गाडी रस्त्याशी ४५ अंशांत आली की चाकं सरळ. सरळ मागे येत राहायचं, आपला पुढचा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरला मोकळा होईपर्यंत. मग विरुद्ध बाजूला पूर्ण. शेवटी चाक आणि कड यांत ३० सेंमीपेक्षा जास्त अंतर नको.

काय बिघडतं:

मागचं चाक कडेला चढतं. उलटं स्टिअरिंग उशिरा आलं किंवा ४५ ऐवजी ६० अंशांपर्यंत गाडी आडवी झाली. ब ची नेहमीची चूक. पण त्याच्या आधीचं कारण वेग. गाडी ताशी ४ किमीने मागे जात असेल तर सेकंदाला १.१ मीटर सरकते आणि दीड फेरा फिरवायला दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत दोन मीटर गेले. हाफ क्लचवर वेग निम्मा केला, चूक गेली, कोनाबद्दल एक शब्दही बोलावा लागला नाही.

पुढचा कोपरा समोरच्या शंकूला लागतो. सुरुवातीचं बाजूचं अंतर अर्ध्या मीटरपेक्षा कमी होतं. इथे दुरुस्ती करत बसायचं नाही, पुढे घेऊन नव्याने सुरुवात करायची. शांतपणे केलेली फेरमांडणी वाईट रीतीने तडीस नेलेल्या पार्किंगपेक्षा नेहमीच बरी.

क ने रिव्हर्स घ्यायच्या आधी दोन्ही बाजूंना आणि मागे पाहायचं तिसऱ्यांदा सोडलं. गाडी निर्दोष लागली तरी शेरा ‘नापास’ दिला. मागे लहान मूल असू शकतं, ही शक्यता एवढी मोठी आहे की तिथे सवलत नाही.

६ एप्रिल

पहिल्यांदा वर्दळीच्या रस्त्यावर.

चौकात वळताना अ ची गाडी रुंद जाते, समोरच्या लेनची रेष ओलांडते. पहिल्या रकान्यात ‘स्टिअरिंग’. दुसऱ्या रकान्यात जे सापडलं: वळण सुरू झालं तेव्हा क्लच दाबलेलाच होता आणि एक हात गिअरवर. तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं काम वळणाच्या आतपर्यंत लांबलं. क्लच दाबलेली गाडी इंजिनाने धरलेली नसते, वाहत जाते, आणि एका हाताने पुरेसं स्टिअरिंग फिरत नाही.

नियम बांधून दिला: आरसा, इंडिकेटर, ब्रेकने वेग ताशी १५-२० वर, गिअर दुसरा, क्लच पूर्ण वर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मग वळण. इंडिकेटर किमान ३० मीटर आधी. ताशी ४० किमीला हे ३० मीटर तीन सेकंदही टिकत नाहीत. म्हणून तयारी ३० मीटरवर नव्हे, ६०-७० मीटरवर सुरू करायची.

१२ एप्रिल

न दिसणाऱ्या जागा मोजल्या. शिकाऊ चालक सीटवर, दुसरा माणूस हातात काठी घेऊन गाडीभोवती फिरतो. आरशातून नाहीसा झाला की चालक हात वर करतो, तिथे खडूची खूण. सगळ्या खुणा जोडल्या की जमिनीवर नकाशा तयार. मागच्या दाराच्या तिरक्या रेषेत माणूस दोन्ही आरशांतून पूर्ण गायब होतो. शब्दांत हे पन्नास वेळा सांगितलं होतं. खडूचा आकार पाहिल्यावर तिघेही आपणहून मान वळवून बघू लागले.

पुढच्या काचेच्या कडेचा खांबही मोजला. डोळ्यापासून ८० सेंमीवर १० सेंमी जाडीचा खांब असेल तर २० मीटरवर जवळपास एक मीटर रुंदीचा भाग दोन्ही डोळ्यांना दिसत नाही. समोरून येणारी दुचाकी त्यात मावते. वळायच्या आधी डोकं पुढे-मागे हलवून खांबाच्या मागे पाहायचं. यात वेळ जातो तो एका सेकंदाहून कमी.

१५ एप्रिल

रात्री पाऊस झाला, रस्ता ओला. ठरलेला बेत बाजूला ठेवून ब्रेकचा सराव घेतला.

प्रतिसादाला एक सेकंद धरून कोरड्या रस्त्यावर थांबायचं अंतर: ताशी ३० ला सुमारे १३ मीटर, ४० ला २०, ५० ला २८, ६० ला ३६-३७. ओल्या रस्त्यावर ५० चं अंतर ३८ मीटरच्या आसपास जातं. पुढच्या गाडीपासून कोरड्यात दोन सेकंद, ओल्यात चार. रस्त्याकडेच्या एखाद्या खांबाजवळून पुढची गाडी गेली की मोजायला लागायचं.

रिकाम्या मैदानात ४० वरून पूर्ण ब्रेक. पहिल्या प्रयत्नात तिघांनीही अर्धाच दाबला. पेडल पायाखाली धडधडलं की ब आणि क ने पाय उचलला. ती धडधड एबीएसची आहे, चाकं अडकू न देता ब्रेक सोड-धर करत असल्याची. ती जाणवली की पाय आणखी दाबायचा, स्टिअरिंग वापरत राहायचं. ही संवेदना आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या संकटात येऊ नये, म्हणून प्रत्येकाला सहा-सहा वेळा दिली.

२१ एप्रिल

रात्रीची फेरी, पाऊण तास. समोरून प्रखर दिवा आला की त्याच्याकडे न बघता आपल्या लेनच्या कडेच्या रेषेवर नजर. वेग दिव्याच्या पल्ल्यात थांबता येईल एवढाच. बाकी ठीक.

२६ एप्रिल

पहिली नकली चाचणी. शिकवणारा मागे बसला, पुढे अनोळखी परीक्षक, सूचनांपलीकडे एक शब्द नाही. चूक झाली तरी कुणी ‘हं’ म्हणत नाही, ही शांतता शिकणाऱ्याला सगळ्यात जड जाते.

अ: थांबरेषेवर पुढचं चाक हातभर पुढे. ब: चढावर इंजिन बंद, पण क्रम न चुकता पुन्हा सुरू करून निघाली. चांगलं, बंद पडण्यापेक्षा नंतरची घबराट जास्त गुण घालवते. क: लेन बदलताना मान वळली नाही, दोनदा.

ब ने आरशात बघितलेलं परीक्षकाला कळतच नाही, कारण फक्त बुबुळं हलतात. नाटक नको, पण हनुवटी थोडी वळू दे, असं सांगितलं.

३ मे

दुसरी नकली चाचणी, बोलत गाडी चालवून. ‘पुढे उभी बस, दार उघडेल, वेग कमी, आरसा…’ असं सतत. अ चं बोलणं वेळेवर येतं. क चं बोलणं घटनेच्या मागून येतं: बस ओलांडून झाल्यावर ‘बस’. क ची नजर अजून बॉनेटपुढे दहा-पंधरा मीटरवर आहे. वेळ कमी उरला.

९ मे

चाचणीच्या आदल्या दिवशी नवं काही नाही. टायर थंड असताना हवा, दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे. सगळे दिवे, ब्रेकचे दिवे दुसऱ्याला मागे उभं करून. हॉर्न, वायपर, काचेचं पाणी. कागदपत्रं पाकिटात, गाडीची आणि शिकाऊ परवाना वेगवेगळे.

अनोळखी गाडी मिळाली तर निघण्याआधी हँडब्रेक ओढून दोनदा क्लचची जागा कानाने शोधायची. परीक्षक याला हरकत घेत नाही. सूचना ऐकू आली नाही तर पुन्हा विचारायची. चुकीच्या रस्त्याला वळलं तरी नीट वळलं तर ती चूक नाही, पण शेवटच्या क्षणी झटका देऊन बरोबर रस्ता पकडणं ही आहे.

१० मे

अ पास. ब पास, चढावर एकदाही बंद नाही.

क नापास. उभ्या टेम्पोला वळसा घालताना इंडिकेटर आणि स्टिअरिंग एकाच वेळी, मान न वळवता, मागून दुचाकी. दुचाकीने ब्रेक लावला म्हणून निभावलं.

दुसरा रकाना: टेम्पो दिसला तेव्हा अंतर २० मीटर होतं. ताशी ४० ला त्यात दोन सेकंदही नाहीत. आरसा, इंडिकेटर, मान हे सगळं दोन सेकंदांत बसत नाही, म्हणून मान गळाली. मान वळवायला पुन्हा शिकवून उपयोग नाही, टेम्पो लवकर दिसायला हवा. बारा सेकंद पुढचं बघायचं म्हणजे ४० च्या वेगाला १३०-१३५ मीटर.

पुढचा सराव १७ मे, दीड तास, दोन्ही कडेला गाड्या उभ्या असलेला सरळ रस्ता, ताशी ३०. क ने फक्त पुढची उभी गाडी दिसताक्षणी आकडा म्हणायचा, मागे बसलेल्याने तिच्यापाशी पोचेपर्यंतचे सेकंद मोजायचे. आठाच्या वेळची लाल फडकी सोबत घ्यायची आहेत.